झाकणाजवळ भरलेलं पाणी

शुभावहिनींचा फोन आला तेव्हा मी कृष्णपुऱ्याच्या पुलावर रहदारीत अडकले होते. "मीना, हे गेले गं…" एवढंच त्या बोलल्या. मागचे हॉर्न वाजवत होते. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. आता अरुणजी मला पुन्हा तो प्रश्न विचारणार नाहीत, असं वाटलं आणि क्षणभर सुटल्यासारखं झालं. पाच आठवडे झाले, त्या क्षणाची लाज जात नाही.

आम्ही बारा वर्षं एका प्रयोगशाळेत होतो. ते वयानं, मानानं मोठे. देपालपूरकडच्या सोयाबीनच्या मुळांत राहणाऱ्या एका जिवाणूचं प्रथिन आम्ही दोन बाजूंनी तपासत होतो. मी त्याचे स्फटिक करून क्ष-किरणांनी आकार काढायची. अरुणजी तेच प्रथिन पाण्यात विरघळवून मोठ्या चुंबकात ठेवायचे. त्यात आकार माझ्याइतका स्पष्ट दिसत नाही, पण कुठला भाग हलतो ते कळतं. "तुझं प्रथिन म्हणजे लग्नाच्या फोटोतला नवरदेव," ते मला चिडवायचे. "हिलनेका नाम नहीं!" त्यांचा एक दंडक होता. दोघांनी आपापलं उत्तर आधी लिहून काढायचं, मगच दुसऱ्याचं बघायचं. उत्तरं जुळली नाहीत, तर दोघांनीही आपलंच काम आधी तपासायचं.

या वेळी ती जुळली नाहीतच. प्रथिनाच्या तोंडाशी एक झाकणासारखा भाग आहे. माझ्या स्फटिकात तो बंद होता. अरुणजींचं म्हणणं, तो उघडमीट करतो. इथेच घोडं पेंड खात होतं. त्यातच दुसरीकडे कुणीतरी याच प्रथिनावर काम करतंय अशी कुणकुण लागली आणि माझा धीर सुटला. वर्षानुवर्षांची मेहनत हातची जाणार, या भीतीनं मला झोप लागेना. अरुणजी तेव्हा किडनीच्या दुखण्यानं हॉस्पिटलात. मी लेखाचा मसुदा घेऊन गेले, त्यात त्यांची मापं गाळली होती. त्यांनी तो सावकाश वाचला.

"मीना, नकाशात झाकणाजवळ काहीच नाही? थोडंसं अंधूकसुद्धा?"

"नाही अरुणजी. एकदम साफ है."

साफ होतं, कारण मीच ते साफ केलं होतं. क्ष-किरणांवरून निघणाऱ्या नकाशात तिथे एक पुसट डाग होता. असे डाग बऱ्याचदा पाण्याच्या रेणूंचे असतात. मी पाण्याचे चार रेणू तिथे बसवले, डाग भरून निघाला, आणि पुन्हा तिकडे पाहायचं मी टाळलं. अरुणजींनी मसुदा माझ्या हातात परत दिला. म्हणाले, "तू बोलतेयस तर ठीकच असेल. भेज दे."

लेख गेला, छापूनही आला. अरुणजी घरी आले आणि अंगात ताकद नसताना रोज सकाळी चुंबकापाशी येऊन बसू लागले. मला राग यायचा. म्हातारा हट्ट सोडत नाही, असं मी मनात म्हणायची.

मागच्या आठवड्यात वहिनींबरोबर त्यांची खोली आवरायला गेले. खणात एक वही सापडली. मसुदा दाखवला त्याच दिवशी लिहिलेलं होतं: "मीनाच्या नकाशात काही नाही. ती चुकणार नाही. म्हणजे चूक माझ्या मापात आहे. शोधायची." पुढे अकरा वेळा केलेली मोजणी. अकराही वेळा झाकण उघडत होतं, आणि प्रत्येकीखाली त्यांच्या बारीक अक्षरात, "चूक सापडली नाही."

मी तडक प्रयोगशाळेत गेले. ते चार रेणू काढून तिथे उघडं झाकण बसवून पाहिलं. त्या डागात ते तंतोतंत बसलं. लेख मागे घेत असल्याचं पत्र, कारणासकट, त्याच दुपारी पाठवलं.

मग वहिनींकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या बोल लावतील, अशी तयारी ठेवली होती.

"मी म्हणायचे, मीनालाच पुन्हा एकदा बघायला सांगा ना," त्या म्हणाल्या. "तर हे म्हणायचे, नको, परेशान होईल. तिला वाटेल, माझा तिच्यावर भरोसा नाही."

वही त्यांनी मलाच दिली. ती माझ्या टेबलावर आहे, अकराव्या मोजणीच्या पानावर उघडी.