उंच पायरीची गाडी

नव्या रबराचा वास आला की मला अमेरिकेतल्या नोव्हाय गावातलं, मुलाकडचं ते गाड्यांचं दुकान आठवतं. आमच्या ह्यांना एकदा समुद्राएवढं मोठं तळं बघायचं होतं. आजारपणात त्यांना फार वेळ बसवत नव्हतं, म्हणून मुलाने पलंग आणि संडास असलेला ट्रेलर ठरवला होता. तो ओढायला गाडी हवी होती. एसयूव्हीत हे सहज बसले. पण मुलगा म्हणाला, "बाबा, हिला तो ट्रेलर झेपणार नाही. पिकअपच घ्यावा लागेल." पिकअपची पायरी ह्यांच्या गुडघ्याशी आली. ह्यांनी पाय उचलला, तो अर्ध्यावरच लटपटला. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. "मग कॅन्सल करू का, बाबा?" मुलाने विचारलं. चारचौघांत मी ह्यांच्या हाताला कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी पदर खोचला, मागून ह्यांना कवेत धरलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून वर ढकललं. "अगं, लोक बघतायत," हे पुटपुटले. "बघू देत," मी म्हणाले. हे सीटवर कोसळले, धापा टाकत राहिले. विकणाऱ्या माणसाने उतरायला हात पुढे केला, तर ह्यांनी दार घट्ट धरलं. मुलाला म्हणाले, "त्याला सांग, मला उतरवू नको. उतरलो तर परत चढणं व्हायचं नाही." मुलगा आतून सह्या करून येईपर्यंत हे वरच बसून होते. त्या गाडीला ट्रेलर जोडायची वेळ आलीच नाही, त्याआधीच हे गेले. मुलगा अजून तीच गाडी चालवतो. आई, चल म्हणतो. मला चढवत नाही रे, असं सांगून मी घरीच राहते.