मानेखालचा हात

चौसष्ट साल होतं, मी एकोणीस वर्षांचा, आणि आमच्या चिखलीकडच्या पट्ट्यात माझ्यासारखी कमावलेली मान कोणाची नव्हती. शाळा चौथीत सुटली, तालमीची माती सुटली नाही. त्या हिवाळ्यात मी आणि तुळशीराम शेजारशेजारच्या शेतांत ज्वारी राखायला बसायचो. हा तुळशीराम मागच्या महिन्यात गेला. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. जेवायला बसतो, उठतो, ओट्यावर जातो, परत येतो. सून म्हणते, मामंजी, काय हरवलं? काय सांगू तिला… म्हणून लिहायला घेतलं.

दोन मचाणं, मधे बांध. पाखरं उठली की गोफण फिरवायची, नाहीतर दिवस सरता सरायचा नाही. तुळशीरामला लहानपणापासून दमा. वस्तादांनी त्याला तालमीच्या उंबऱ्याआत कधी घेतलं नाही. पण डोकं पहा, त्याने एक खेळ काढला. दोघांनी मनातला एकेक लढवय्या घडवायचा आणि मचाणावर बसल्या बसल्या तो लढवायचा. चार कवड्या फेकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितकं बळ. पुन्हा फेकून दम, पुन्हा फेकून चपळाई. दान ओरडून सांगायचं आणि समोरच्याने ते खरं मानायचं, कारण बांधापलीकडच्या कवड्या कोण पाहणार? कधी लोणारच्या तळ्यातून राक्षस वर यायचा, कधी सात तोंडांची घोरपड. आणि तुळशीरामचा एक कायदा होता… गड्याला एक गुण दिला की एक खोट द्यायचीच.

माझा गडी वज्रसिंग, खांद्यावर गदा, अंगात सोळा बैलांचं बळ. खोट विचारली तर मी सांगितलं, त्याले खूप भूक लागते. तुळशीराम खोकत खोकत हसला. त्याचा गडी मोकळ्या. ना शस्त्र, ना चिलखत, नुसते दोन हात. बळाचं दान एकच पडलेलं. मी म्हटलं, "हा काय लढते बे? फुंकर मारली तं उडून जाईन."

"थो लढतच नाही," तुळशीराम पलीकडून ओरडला. "समोरचा धावून आला का हा अर्धं पाऊल मागं सरते, खाली बसते अन् खांद्यावरून त्याले त्याच्याच जोरानं पलटी करते."

"अन् खोट?"

"कोणाले मानेवर पडू देत नाही. पडणाऱ्याच्या मानेखाली याले हात द्याच लागते. तेवढ्या वेळ एक हात अडकून राह्यते."

त्या अडकलेल्या हातामुळे मोकळ्या कितीदा मेला याची गणती नाही. मागून दुसरा राक्षस यायचा आणि ह्याचा हात पहिल्याच्या मानेखाली. मी सांगून दमलो, काढून टाक थे खोट. तो ऐकत नसे. मोकळ्या मेला की दुसऱ्या दिवशी पुन्हा कवड्या फेकून तोच मोकळ्या घडवायचा, त्याच खोटीसकट.

त्याच सालच्या जत्रेत, मेहकरच्या बाजूला, माझी कुस्ती लागली जालन्याकडच्या एका पहिलवानाशी. माझ्याहून दीडपट. दोनदा त्याने मला मातीत कोंबलं. तिसऱ्यांदा धावून आला तेव्हा मला वस्तादांचा एकही डाव आठवला नाही, मोकळ्या आठवला. अर्धं पाऊल मागे सरलो, बसलो, वळलो. तो गडी माझ्या खांद्यावरून गेला… आणि मी हात दिला नाही. चितपट. लोकांनी मला खांद्यावर घेतलं, फेटा बांधला. तो उठला नाही. गळ्याखालचं हासळीचं हाड मोडलं होतं. पुढे तो कधी आखाड्यात दिसला नाही.

परत येताना बैलगाडीत तुळशीराम एवढंच बोलला. "हात काऊन नाही देला?"

"दंगल होती थे. तुह्या कवड्या नव्हत्या."

"डाव तं माह्याच गड्याचा होता ना."

दुसऱ्या दिवशी मचाणावरून हाक मारली, दान टाक. तो म्हणाला, आज नको. ते नको साठ वर्षं पुरलं. बाकी सगळं चाललं, लग्नं, बारशी, रोजचा चहा. खेळ तेवढा नाही. त्या डावाला लोक माझ्या नावाने गंगारामी म्हणू लागले आणि मी म्हणू दिलं. वस्ताद झालो, पोरांना तोच शिकवला, बिनाहाताचा. माझ्याच तालमीत दोघांची हाडं मोडली. तुळशीराम तालमीच्या दारात येऊन विचारायचा, "गंगाराम, हात शिकवला का?" मी म्हणायचो, "वस्ताद कोण हाये, तू का मी?" तो ‘हाव, तूच’ म्हणायचा आणि धापा टाकत घराकडे वळायचा. कुस्ती त्याने आयुष्यात एक केली नाही, आणि त्याच्याकडून शिकायचं? डाव त्याचा, हे आज पहिल्यांदा लिहितोय.

शेवटचा भेटलो तेव्हा तो खाटेवर होता. बोलणं जवळजवळ बंद. त्याच्या सुनेने चहा आणला, डावा तळहात त्याच्या मानेखाली सरकवला, डोकं अलगद वर घेतलं आणि बशी ओठाला लावली. दोन घोट घेऊन त्याने माझ्याकडे पाहिलं. "असा," म्हणाला. सुनेला वाटलं चहाबद्दल बोलतात. मी रागावून उठून आलो. आता मरतानाही हा मलाच शिकवणार का…

तिसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला. खांदा दिला, लाकडं रचली. चितेवर ठेवताना त्याची मान कलंडली, तेव्हा सर्वांच्या आधी माझा हात खाली गेला. कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीत गेलो. आता तिथे वस्ताद माझाच चेला, रघुनाथ. त्याला सांगितलं, "गंगारामी लाव मले. अन् पाडताना मानेखाली हात दे."

"आबा, वय काय तुमचं?"

"वय नाही इचारलं तुले. हात नाही देला तं मी मरीन, म्हणून तू देशीन."

पोरं जोर थांबवून पाहत राहिली. मी धोतर खोचलं, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि त्याच्या अंगावर धावून गेलो. छपराचं आढं फिरलं, जमीन वर आली, आणि मानेखाली त्याचा तळहात आला, पण जरासा उशिरा. कानात सूं सूं झालं. उठून बसलो.

"उशीर झाला," म्हटलं. "पुन्हा."