एल्सपेथताईचं हरवणारं प्रथिन

माझी थोरली बहीण एल्सपेथ हिच्या आयुष्यातल्या कितीतरी सकाळी मेंढ्यांच्या मुंडक्यांत गेल्या. हंगामात ती उजाडायच्या आत मांसाच्या कारखान्यात जायची. तिथले लोक डोकं फोडून द्यायचे, आणि मेंदूखालची वाटाण्याहून लहान ग्रंथी चिमट्याने उचलून ती बर्फात ठेवायची. लग्न केलं नाही. डनेडिन गावात आमच्याच घराच्या मागच्या खोलीत राहायची. जेवायला बसली की माझे यजमान रॉय विचारायचे, "काय ताई, आज किती डोकी फोडली?"

"तुमचं सोडून सगळी."

त्या ग्रंथींतून तिला एक प्रथिन वेगळं काढायचं होतं. हिवाळ्यात गवत संपलं की मेंढी अंगातल्या चरबीवर जगते. ती चरबी मोकळी कर, असा निरोप हे प्रथिन, म्हणजे एक संप्रेरकच, देतं, असं ताईचं म्हणणं. ग्रंथींचा गढूळ अर्क उंदराच्या चरबीच्या तुकड्यावर घातला की चरबी खरोखर विरघळायची. पण गाळून, निवडून अर्क जसजसा शुद्ध व्हायचा, तसतसा परिणाम घटत जायचा. सगळ्यात शुद्ध थेंबात तर काहीच नसायचं.

आणि असं प्रथिन आहे, हे तिने तर छापूनही टाकलं होतं. मेलबर्नच्या एका प्रयोगशाळेने करून पाहिलं, त्यांना मिळालं नाही. शुक्रवारी आमच्याच गावात शास्त्रज्ञांची सभा भरणार होती. तिथे एक तर प्रथिन दाखवायचं, नाहीतर उभं राहून म्हणायचं, माझी चूक झाली, असं काही नाहीच. वर्षानुवर्षांचं काम एका वाक्यात परत घ्यायचं. मागच्या खोलीत तिच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या. ताटातलं ताटातच राहायचं.

रविवारी ती चर्चमध्ये आली नाही. कोट चढवून प्रयोगशाळेकडे निघाली.

"ताई, देवाचा दिवस आहे गं."

"मग त्यालाच विचार, कुठे लपवून ठेवलंय ते."

मला ते फार लागलं. प्रवचनात लक्ष लागेना. सुटल्यावर घरी जाऊन जवाचं सूप डब्यात भरलं आणि तिच्याकडे गेले.

ती काचेच्या नळ्यांसमोर बसली होती. नळ्या ती स्वतःच धुवायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. आई दुधाच्या बरण्या धुवायची तशाच: सोडा, उकळतं पाणी, मग उजेडात धरून बघायचं. हातांची सालं निघाली होती.

"इना, ही नळी बघ," ती म्हणाली. "तळाला मेंढीचं रक्त गोठल्यावर सुटतं ते पाणी सुकून राहिलंय. माझ्याच हातून धुवायचं राहिलं. फेकणार होते. आणि नेमका हिच्यातला शुद्ध थेंब घातला तेव्हा चरबी विरघळली!"

"म्हणजे मळामुळे?"

"मेलबर्नवाले हेच म्हणतील. बाईने मळ मोजला." मग नळी बोटांत फिरवत म्हणाली, "नाहीतर... प्रथिन सगळ्याच नळ्यांत होतं. काचेला चिकटून बसलं. गढूळ अर्कात बाकीची प्रथिनं आधी काच व्यापतात, याला जागाच उरत नाही. मी बाकीच्यांना हाकललं, आणि वर काच घासूनपुसून मोकळी करून दिली. फक्त या नळीत रक्तपाण्याने जागा आधीच अडवली."

"मग आता?"

"आता बघायचं. नुसत्या रक्तपाण्यानेच चरबी विरघळली, तर संपलं सगळं."

तिने काही नळ्या मुद्दाम रक्तपाण्याने विसळल्या, काही कोऱ्या ठेवल्या आणि दोन्हींत शुद्ध अर्क घातला. मी बाहेरच्या बाकावर प्रार्थनेला बसले, पण मागायचं काय? खरं असेल तेच निघू दे म्हणावं, तर ताईचं काय? तिच्या मनासारखं निघू दे म्हणावं, तर ते मागणं देवापुढे कसं ठेवू? शेवटी तिला बळ दे, एवढंच म्हटलं. सूप निवून गेलं.

दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. मला वाटलं, संपलं.

"नुसत्या रक्तपाण्याने काही नाही. कोऱ्या नळीतून काही नाही. विसळलेल्या नळीतून मिळालं. भरपूर."

मी तिला मिठी मारली. ती तशीच ताठ उभी.

"आनंद कसला, इना? मी आजवर छापलेला प्रत्येक आकडा चुकलाय. किती काचेवर गेलं, कोण सांगणार?"

शुक्रवारी मी मागच्या रांगेत हातमोजे पिळत बसले. ताईने सगळं सांगितलं, स्वतःच्या नळ्यांसकट. मेलबर्नचे गृहस्थ उठले.

"म्हणजे बाई, तुमचं प्रथिन आहे, पण किती आहे ते तुम्हाला ठाऊक नाही?"

"नाही."

"आणि जुने आकडे?"

"खोडून टाका."

सभा हसली. ताई मात्र खाली बसली नाही.

"हसून झालं असेल तर नळ्या कशा विसळायच्या ते सांगते," ती म्हणाली आणि फळ्याकडे वळली. पहिल्याच अक्षराला खडू मोडला. तिने खाली वाकून तुकडा उचलला आणि लिहायला लागली. मेलबर्नच्या गृहस्थांनी खिशातून पेन काढलं.