बिलावरच्या बाई

लाँड्रीत तिला सगळे कडकबाई म्हणायचे. अकरा वर्षं वाफेच्या इस्त्रीसमोर उभं राहून हॉस्पिटलच्या चादरी दाबणाऱ्या बाईने मऊ तरी किती राहावं? पण आता मनगटं ठणकायला लागली होती, रात्री पेलासुद्धा उचलवत नव्हता. अशात कपडे पोचवणाऱ्या व्हॅनचा ड्रायव्हर काम सोडून गेला आणि ती तडक मालकासमोर जाऊन उभी राहिली.

"व्हॅन मी चालवते."

"आधी लायसन्स आणा," मालक म्हणाला. "महिनाअखेरपर्यंत थांबतो. मग बाहेरचा माणूस घेईन."

बाई गाडी शिकली, परीक्षाही पास झाली. घोडं अडलं भलतीकडेच. आपण याच राज्यात राहतो हे तिला सिद्ध करायचं होतं! नाव आणि पत्ता असलेले दोन कागद हवेत. लाँड्रीच्या पगारपत्रकाने एकाचं भागलं, दुसऱ्याचं काय? नवरा जहाजावर, वर्षातले नऊ महिने घराबाहेर. घर सासऱ्यांचं आणि विजेचं बिल सासूच्या नावाचं. सासूला जाऊन नऊ वर्षं झाली होती. नाव बदलायचा विषय निघाला की सासरे फणकारायचे, "बिल वेळेवर भरतोय ना? मग कुणाच्या पोटात दुखतंय?"

घरमालकाने विजेचं बिल घेऊन येऊन 'ही माझ्याकडे राहते' असं लिहून दिलं तरी चालतं, असं तिला कुणीतरी सांगितलं. महिना संपायला चार दिवस उरले तेव्हा ती सासऱ्यांना घेऊन लायसन्स ऑफिसात गेली. म्हातारबुवा जन्मभर शिंपीकाम केलेले, त्यामुळे शर्टाची कॉलर अगदी ताठ.

खिडकीतल्या कारकुनाने बिल उलटंपालटं करून पाहिलं. "बिलावरच्या बाई कुठे आहेत?"

"घरी," सासरे म्हणाले.

"मग त्यांनाच घेऊन या. सही त्यांची लागेल. नाहीतर बिल तुमच्या नावावर करून घ्या, नावबदलाची पावतीसुद्धा चालेल."

कडकबाईचा पारा चढला. खरं सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं होतं. पण सासरे मान खाली घालून बिलाचा दुमडलेला कोपरा सरळ करत होते. ते बघून तिने शब्द गिळले आणि त्यांना बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं.

"बाबा, तुम्हाला वाईट वाटलं तरी सांगते. मी हे सोडणार नाही. माझे हात गेलेत."

"सोड म्हटलं का मी?" सासऱ्यांनी बिलाची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "दर महिन्याला तिच्या नावाचं पाकीट येतं. तिला अजून कुणीतरी विचारतंय, असं वाटतं गं."

तिला भरून आलं. तरी ती "जाऊ दे" म्हणाली नाही. म्हणाली असती तर आयुष्यभर चादरीच दाबत बसली असती.

"वीज ऑफिस कितीला बंद होतं?" सासऱ्यांनी विचारलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

वीज ऑफिस दोन गल्ल्या सोडून होतं. तिथल्या बाईंनी फॉर्म दिला आणि मृत्यूचा दाखला मागितला. तो घरी राहिला असणार म्हणून कडकबाई हळहळली, तोच सासऱ्यांनी शर्टाच्या खिशातून घडी काढली. दाखला सकाळपासून त्यांच्याजवळच होता.

नवीन ग्राहक म्हणून त्यांनी सुनेचं नाव लिहिलं.

"अहो बाबा, तुमचं लिहा. घर तुमचं आहे."

"मला कुठे व्हॅन चालवायचीय?"

'नावबदलाचे कारण' या रकान्यापाशी मात्र पेन थांबलं. तिने हात पुढे केला, पण त्यांनी पेन दिलं नाही. 'पत्नीचे निधन' असं त्यांनी स्वतःच, सावकाश लिहिलं आणि खाली सही केली.

पावतीवर शिक्का बसला तेव्हा लायसन्सची खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं होती. सासरे खुर्चीत बसले होते, रुमाल डोळ्यांना लावून. ती त्यांच्याजवळ घुटमळली.

"माझ्याकडे काय बघतेस? पळ," ते म्हणाले. "मी येतो मागून."