कोरडे बोअर कोण मोजतं?

मंडळी, आज डिंगोऱ्यात आमच्या शेतात बोअर मारला. तीनशे फूट खाली नुसता फुफाटा!

जागा पाणाड्यानं दाखवली होती. त्याच्या तळहातावरचा नारळ तिथंच उभा राहिला. "मी दावलेल्या जागेवर पाच बोअरला पाणी लागलंय, राव," एवढ्यावर आम्ही भुललो.

आज मी त्याला विचारलं, "पाच लागेपर्यंत कोरडे किती गेले?"

"कोरडं आमी मोजत नाय, भाऊ."

ठरावीक यशं मिळेपर्यंत अपयशं किती येतील, हे ऋण द्विपद वितरण मी कॉलेजात दरवर्षी फळ्यावर शिकवतो. आणि काल त्याच हातांनी नारळाला नमस्कार केला!

बोअरची गाडी आता शेजारच्या शेतात उभी आहे. तिथंही पाणाड्या 'पाच'च सांगतोय. आमचा कोरडा खड्डा कोणाच्या हिशेबात धरायचा, सांगा?