पहिल्याच हाकेला

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बरेच दिवस वाचते. दुपारी कामं आटपली की चष्मा लावायचा आणि वाचत बसायचं. खरं सांगते, वाचताना मी बऱ्याचदा हसते. भूतखेत, चकवा, हडळ यातलं काही मी कधी मानलं नाही. डोळखांबच्या बाजूला जंगलाच्या कडेला आश्रमशाळेत जन्मभर स्वयंपाक केला मी. अंधारात विहिरीवर गेले, सरपणाला गेले. साप दिसला, रानडुक्कर दिसलं... बाकी काही दिसलं नाही. तेव्हा माझ्यासारखीने इथे लिहावं म्हणजे जरा लाजच वाटते. पण दोन वर्षं झाली, मनातून जात नाही. आणि जे सांगायचंय ते घरात सांगता येण्यासारखं नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं वाचन-लिहिणं शाळेतल्या पोरांच्या पुस्तकांवर आपलं आपणच केलं. चुकलं तर सांभाळून घ्या.

आधी घरातली माणसं सांगते, म्हणजे गोंधळ नको. मी शकू. आई-वडिलांचं करता करता लग्नाचं वय गेलं, मग भावाच्या घरी शहापूरला राहिले. शाळेत मी सगळ्यांची मावशी. शेकडो पोरं जेवून गेली माझ्या हातचं, सगळी 'मावशी भात, मावशी आमटी' करत. पन्नाशी उलटून गेल्यावर एका ओळखीच्या बाईंनी स्थळ आणलं... हसू नका. बायको वारलेले, राहायला शहापुरातच, मुरबाडच्या एका कारखान्यात सुपरवायझर, स्वभावाने गरीब. रजिस्टर लग्न केलं, पेढे वाटले, झालं. त्यांची एक मुलगी, तन्वी. पुष्कळ वर्षांनी झालेली, म्हणून फार लाडाची. मी आले तेव्हा नऊ वर्षांची होती.

तन्वी वाईट नाही हो. उलट बोलत नाही, ताट टाकून उठत नाही. फक्त ती मला हाक मारत नाही. मावशी नाही, काकी नाही, काहीच नाही. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहते आणि मी वळून बघेपर्यंत थांबते. मग म्हणते, "तेल संपलंय, बाबांनी सांगितलंय." मोबाईलवर मराठी टाईप करायला तिनेच शिकवलं मला. तेही "हे बघा, इथे दाबा" असंच. माणूस घरात असून त्याला नावच नसावं, हे कसं असतं ते लिहून नाही समजायचं.

तर दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. तन्वी बारा वर्षांची. सुट्टीत गाडी काढून माळशेजला जायचं ठरलं. आमची सेकंडहँड पांढरी गाडी, एसी नावाला. तन्वीने एकच अट घातली. वाटेत आईचं गाव बघायचं. तिची आई, म्हणजे सुनंदा, टोकावड्याच्या पुढे आत डोंगराकडे एक पाडा आहे, तिथली. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे आता माहेरचं कुणी राहत नाही, मामा कल्याणला. पण सुनंदा पोरीला तिथल्या झऱ्याची गोष्ट सांगायची. उंबराच्या मुळाशी खड्डा, त्यात पाणी झिरपतं, शेजारच्या दगडावर नारळाची करवंटी. जो पाणी पिईल त्याने जाताना करवंटी भरून ठेवायची, पुढच्यासाठी. तन्वीला तो झरा बघायचा होता.

सकाळी निघालो. पुढच्या सीटवर तन्वी. मी मागे, डब्यांबरोबर. तांदळाच्या भाकऱ्या, जवळ्याची चटणी, उकडलेली अंडी, कैरीचा ठेचा. पाण्याचा कॅन पायाशी. किन्हवलीच्या पुढे झाडाखाली करवंदं विकायला बसलेल्या बाया होत्या. यांनी दोन द्रोण घेतले, एक तन्वीला, एक स्वतःला. मग आरशात माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, तुला पण हवी होती का?" मी म्हटलं, "नको, दात आंबतात." दात काही आंबत नाहीत माझे.

पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. सगळी घरं बंद. पाऊस लागेपर्यंत लोक वीटभट्ट्यांवर असतात ना. एका ओटीवर एक म्हातारी मोहाची फुलं वाळवत बसली होती, ठकीबाय. सुनंदाची शेजारीण. यांना तिने लगेच ओळखलं.

"जावयबापू? आन ही पोर सुनंदाची ना? तोंडावरनं कळतंय."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ही कोण गो?"

यांनी कपाळावरचा घाम पुसला. म्हणाले, "ही... घरचीच."

"म्हंजे सुनंदाच्या जागेवरची," म्हातारी म्हणाली. वाईट हेतूने नाही, आपलं सरळ. तन्वीने मान फिरवली.

झऱ्याचं विचारलं तर ठकीबाय हसली. "कुठला झरा नि काय. शिमग्यालाच आटला तो. आमी टँकरचं पाणी पितो, तो बी येल तवा येल."

"झालं तर मग," हे म्हणाले. "जेवू आणि निघू. कोरडा खड्डा बघायला कशाला उन्हात जायचं?"

"मी त्याच्यासाठीच आले होते," तन्वी म्हणाली.

मला वाटलं, पोरीचं मन मोडू नये. म्हटलं, "चल, मी येते तुझ्याबरोबर."

"तुम्ही कशाला? तुमची कोण होती ती?"

आवाज चढवून नाही म्हणाली. खरंच विचारल्यासारखं म्हणाली. मी डबे सोडायला घेतले.

आंब्याखाली जेवलो. तन्वीने अर्धी भाकरी खाल्ली. हे गाडीची सीट मागे करून पडले आणि घोरायला लागले. मी ठकीबायच्या घरामागे राखेने डबे घासले. परत येते तर तन्वी नाही. चप्पल नाही, पाण्याची बाटली मात्र तिथेच पडलेली.

यांना उठवलं. हे गाडीरस्त्याच्या बाजूला धावले, मी रानाच्या. ठकीबायने ओटीवरून हात करून झऱ्याची दिशा दाखवली, पण तिथे वाटा किती... साग सगळा उघडाबोडका, पाचोळा घोट्याएवढा, सगळ्या वाटा सारख्याच. मी "तन्वी, ए तन्वी" करत चालले. उत्तर नाही. पाखरू नाही. अशा उन्हात बिनपाण्याची पोर कुठे चक्कर येऊन पडली असेल तर, या विचाराने मी आणखी झपाझप चालायला लागले. माझा घसा इतका सुकला की हाकसुद्धा फुटेना.

इथे एक सांगायला हवं. आमच्या शाळेत पोरांना एक नियम होता. रानात किंवा तिन्हीसांजेला कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी आली तरच. माणूस तीनदा हाक मारतं, जे दुसरं काही असतं ते एकदाच मारतं, असं म्हणतात. मी मानत नव्हते, पण पोरांना घाबरवून जपायला बरं म्हणून मीच दरवर्षी नव्या पोरांना घोकून घ्यायचे. "कितीव्या हाकेला रे?" "तिसऱ्या, मावशी."

तर मी उभी आहे, हाक फुटत नाही, आणि मागून, जरा उताराच्या अंगाने आवाज आला.

"आई."

एकदाच. मुलीचा आवाज. लांबून नाही, माळ्यावरून खाली कुणी बोलवावं इतक्या अंतरावरून. आणि मी काय केलं असेल? जन्मभर पोरांना शिकवलेलं सगळं विसरले. तोंडातून लगेच निघालं, "ओ, आले गो."

मला त्या नावाने कधी कुणी हाक मारलेली नाही. तरी मी इकडेतिकडे बघितलं नाही, की दुसऱ्या कुणाला मारली असेल. माझ्यासाठीच आहे असं धरून मी धावले.

उतार संपला तिथे नाळ, म्हणजे कोरडा ओढा, नाळेच्या काठाला उंबर, आणि उंबराच्या मुळावर तन्वी बसलेली. तोंड लालबुंद, ओठ पांढरे पडलेले. मी तिच्याजवळ मटकन बसले.

"बरं झालं हाक मारलीस," मी म्हटलं.

"मी नाय मारली. तुम्हीच मारली ना?"

"मी तन्वी तन्वी करत होते, ती ऐकलीस का?"

"तन्वी नाय. बायो. मी तिकडे वर चुकले होते, मला गरगरायला लागलं. मग इकडून 'बायो' अशी हाक आली, म्हणून मी इकडे आले. आई मला बायो म्हणायची. मला वाटलं, बाबांनी तुम्हाला सांगितलं असेल."

मला कुणी सांगितलं नव्हतं. ते नाव मी त्या क्षणी पहिल्यांदा ऐकलं.

"तुम्हाला काय म्हणून हाक आली?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "नुसतीच हाक आली." का तसं म्हटलं... काय सांगणार होते? पोरीच्या आईच्या झऱ्यावर बसून तिला सांगू, की मला आई म्हणून कुणीतरी बोलवलं?

मग माझं लक्ष गेलं. मुळाशी खड्डा होता. कोरडाठाक, तळाला तडे गेलेले. शेजारी दगड, दगडावर करवंटी. आणि करवंटी काठोकाठ भरलेली. स्वच्छ पाणी. वर एक पान नाही, मुंगी नाही. मी बोट बुडवलं, तर माठातल्यासारखं गार.

त्या वेळी भीती वाटली नाही, हे खरं. आधी पोर वाचली पाहिजे एवढंच होतं. मी करवंटी तिच्या तोंडाला लावली. ती घटाघटा अर्धी प्यायली आणि थांबली. मी म्हटलं, "पी सगळं."

"नको. पुढच्यासाठी ठेवायचं असतं." असं म्हणून तिने करवंटी दगडाकडे नेली. मग मधेच हात थांबवला, माझ्या तोंडाकडे बघितलं. माझे ओठही तसेच झाले असतील. तिने करवंटी माझ्यापुढे धरली.

"घ्या. पुढच्या तुम्हीच आहात ना."

मी प्यायले. त्या पाण्याला किंचित उंबराचा वास होता.

वर आलो. यांनी पोरीला पोटाशी धरलं, मग आम्हा दोघींना ओरडले, मग स्वतःच रडले. मी गाडीतला कॅन घेतला आणि पुन्हा झऱ्यावर जाऊन करवंटी भरून ठेवून आले. पाणी पिऊन करवंटी रिकामी सोडून निघायला मला बरं वाटेना. परत येताना ठकीबायला विचारलं, झऱ्यावर आज कुणी पाणी ठेवलं होतं का?

"कोन ठेवणार? समदी भट्टीवर. करवंटी मीच पालथी घातली, झरा आटला तवा. कोरडी करवंटी उताणी ठेवू नाय."

"आणि पाड्यात एखादी लहान मुलगी?"

"पोर कुठली गो बाय. मी हाय नि माजी कोंबडी हाय."

माळशेजला काही गेलो नाही, तिथूनच परत फिरलो. येताना तन्वी पुढे बसली नाही. मागे आली. आमच्या दोघींच्या मधे डब्यांची पिशवी होती. सरळगावच्या आधीच तिला झोप लागली, आणि तिचं डोकं त्या पिशवीवर टेकलं. माझ्या मांडीवर नाही, पिशवीवर. मी पिशवी धरून बसले, हलू नये म्हणून. शहापूर येईपर्यंत हात बधीर झाला होता.

यांचं म्हणणं, ऊन डोक्यात गेलं दोघींच्या. एका ओळखीच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, अंगातलं पाणी कमी झालं की भास होतात. असेलही. मी अडाणी बाई, मी कशाला वाद घालू? पण दोघींना एकाच जागी नेणारे दोन वेगळे भास? आणि भासाचं पाणी पिऊन पोरीच्या ओठांवर रंग कसा आला? ठकीबायने पालथी घातलेली करवंटी उताणी कुणी केली?

सुनंदाने पोरीला बोलावलं, हे एकवेळ मी समजू शकते. आई आहे, बोलावेल. पण मला जी हाक आली ती सुनंदाची नव्हती. तो लहान मुलीचा आवाज होता. तन्वीने मारली नाही, आणि ती खोटं बोलत नाही. पाड्यात दुसरी मुलगी नव्हती. मग मला आई म्हणणारी ती कोण?

तन्वी आता चौदाची झालीय. अजूनही दारात येऊन उभी राहते आणि मी वळायची वाट बघते. तक्रार नाही माझी. पूर्वी रिकाम्या हाताने उभी असायची, आता कधी कधी पाण्याचा तांब्या असतो हातात. "घ्या," म्हणते, एवढंच. हे टाईप करायलाही तिनेच शिकवलं, तेव्हा कधीतरी वाचेलही. वाचू दे.

तुमच्यापैकी कुणाला असं काही ठाऊक असेल तर जरूर लिहा. पण मला उपाय सांगू नका, कुणी लिंबू-मिरची सांगू नका. दुपारी घर रिकामं असतं, हे कामावर, तन्वी शाळेत. कुठे खुट्ट झालं की माझा हात थांबतो आणि मी कान देऊन बसते. तीन हाकांचा नियम मला पाठ आहे. पण ती हाक पुन्हा आली ना, तर मी मोजत बसणार नाही.