कोपरानं दाखवलेली लवकी

साल १९५८. मी एकोणतीस वर्षांचा. बाभुळगावात आमच्या घराला लागूनच, सगळं गाव ज्याला चाचा म्हणे त्या शेजाऱ्याचं सायकलींचं दुकान होतं. दिवसभर त्याचे हात काळेकुट्ट. पण दिवस कलला की आधी घासलेटनं, मग साबणानं हात धुवायचा, नखं हुंगून पाहायचा आणि पुन्हा धुवायचा. लोकांना वाटे, नमाजासाठी.

"नमाजाचा वजू अलग," तो म्हणे. "हे माह्या दोडक्याच्या फुलासाठी. फुलाले घासलेट सोसत नाही."

मी दुसरी नापास. पण शेतीतलं मला कोणी शिकवावं, हे आजही खपत नाही. आई आदल्या वर्षी गेली होती. तिनं राखेत ठेवलेलं लवकीचं बियाणं उंदरांनी खाल्लं. लवकी म्हणजे तुमचा दुधी. उरलेल्यातून एकच वेल जगला. कुंपणावर चढला, पांढरी फुलं आली, पण फळ धरेना. बोटाएवढी लवकी व्हायची आणि पिवळी पडून गळायची. हा वेल असाच गेला असता तर आईची लवकी आमच्या घरातून कायमची गेली असती. मला जेवण जात नव्हतं.

निम्म्याहून जास्त फुलं नुसत्या लांब देठाची, खाली लवकीचा पत्ता नाही. फुकटखाऊ! संध्याकाळी उमलली की मी ती खुडून टाकायचो. एकदा चाचानं कुंपणापलीकडून पाहिलं.

"अबे, काय करून राह्यला?"

"वांझ फुलं खुडून राह्यलो. वेलाले जोर येते."

"वा रे पाटील! बापाले तोडून फेकतो, अन् वेलाले लेकरं मागतो?"

बायको पदराआड हसली. मी म्हटलं, "चाचा, तुम्ही आपलं पंक्चर पाहा."

तो कसला ऐकतो. हात धुऊन आला. लांब देठाचं एक फूल घेतलं, पाकळ्या मागं सारल्या आणि ज्या फुलाखाली इवलीशी लवकी होती, त्याच्या मधोमध टेकवलं. "हौले, हौले," असं स्वतःलाच सांगत होता. एरवी याच बोटांनी तो गंजलेले नट पिळायचा.

ती लवकी गळली नाही. हिरवीगार राहिली, फुगली. मी कबूल काही केलं नाही, पण फुलं खुडणं सोडलं.

कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते सडतं, असं आमच्याकडे मानतात. चाचा तर सायकल घेऊन आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती दाखवायचा, पण कोपरानं. "ते पाहा, पाटलाची लवकी!" जणू नातवंड दाखवतोय.

बायको ती तोडायला विळा घेऊन निघाली, तर आडवा आला. "बहू, आज खाशील तं इथंच खतम. वेल वाळू दे. तिच्या पोटातलं बी बोलू दे."

मग रोज कान लावून तिला हलवायचा. "अजून मुकी है," म्हणायचा आणि दुकानात जायचा.

थंडी सरत आली. वेलाची काडी झाली, लवकीचा तुंबा झाला. त्याच आठवड्यात चाचा तापानं गेला. कब्रस्तानातून परत आलो आणि तुंबा कानाशी धरून हलवला. आत बिया खुळखुळल्या. मी सवयीनं कुंपणापलीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साबणानं हात धुतले. नखं हुंगली. तुंबा फोडला आणि पहिल्या बिया त्याच्या बंद दुकानाच्या भिंतीशी टोबल्या. चाची दारात आली.

"कुठं लावल्या, बेटा?"

मी कोपरानं दाखवलं.